चुनखडीनं पातळ झालेला दगड

भद्रावतीकडे एका भट्टीत आम्ही काळा दगड वितळवून काच करून पाहत होतो, तेव्हा भीतीनं माझा जीव गेलाच होता. रस गुळाच्या पाकासारखा घट्ट, साच्यात उतरेचना. आमचे उस्ताद रहीमभाई म्हणाले, "चुनखडी टाक, पातळ होते."

मी टाकत गेलो. एकाएकी रस पाण्यासारखा झाला अन् भट्टीच्या भेगेतून लाल धार रहीमभाईंच्या पायाकडे निघाली. त्यांच्या मागं भिंत होती.

"भाऊ, पळा!"

"कुठी पळू? रेती टाक!"

मी रेती ओतत राह्यलो. धार त्यांच्या चपलेपासून वीतभरावर थिजली.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, "भाऊ, चुनखडी किती टाकायची होती?"

ते हळूच म्हणाले, "मले काय माहीत? मीबी आजच पह्यल्यांदा पाह्यलं."