केनियात सांगायची साक्ष

राळेगावच्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर नवरा-बायको बसले होते. मनोरमाबाई चर्चच्या मंडळीबरोबर पंधरा दिवस केनियाला सेवेसाठी जाणार होत्या. तिथल्या सभेत द्यायची साक्ष त्या नवऱ्याला म्हणून दाखवत होत्या.

"कापूस येनं कमी झालं, जिनिंग बंद पडली, अन् माहा नवरा शांतवन दारू प्याले लागला..."

"थांब. हे कायले सांगतं?"

"साक्ष हाय माही. देवानं काय केलं ते सांगा लागते."

"मंग देवाचं सांग ना. माहं काहून सांगून राह्यली?"

"तुम्ही नालीत पडले, तवाच तर म्या प्रार्थना सुरू केली."

"नाली पण सांगतं का?"

"नाली पह्यले येते."

"राळेगावात साऱ्यायले मालूम हाय. आफ्रिकेत तरी माही इज्जत राहू दे. नवरा नाही, शेजारी पडला म्हण."

"खोटी साक्ष देऊ? दहा आज्ञेत मनाई हाय."

"मंग इंग्रजीत सांग. तुले येत नाही, कोनाले समजनार नाही."

"दुभाष्या हाय तिथं. तो सगळं बराबर सांगते."

"त्याले म्हण, नालीचं हळू बोल."

शांतवनराव बायकोकडे वळले.

"मनोरमा, दारू सुटली ते सांगतं ना?"

"तेच तर सांगाले चालली. नाही तं इतक्या दूर कायले गेली असती?"

"मंग नुसतं शांतवन नको म्हनू. पुरं नाव घेजो, बाबाच्या नावासकट."

"कुठं घेऊ? नालीत, का सुटल्यावर?"

"सुटल्यावर घे ना, बाई!"