टॉवेल-टोपीचा मान

मोहोळच्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर एक आजोबा आणि त्यांची नात मोबाईलवर वाकून बसले होते.

"आप्पा, वंशावळीसाठी तुमच्या आजोबांचं नाव ऑनलाइन कुठंच सापडेना, म्हणून मी शेजारच्या बापूसाहेबांचं घराणं शोधलं."

"त्येंच्यात आपलं काय हाय?"

"त्यांच्या जुन्या वाटणीपत्रात तुमचे आजोबा निघाले की."

"साक्षीदार असतील. लई वजन होतं आमच्या म्हाताऱ्याला."

"साक्षीदार नाहीत. 'आमचे घरजावई मायाप्पा यांस राहण्यास मागील खोली' असं लिहिलंय."

"हळू बोल."

"आणि तुमी बापूसाहेबांच्या जावयाला रोज पारावर घरजावई म्हणून चिडवता."

"रोज कुटं? सोमवारी मी सोलापुरात असतो. ह्ये कुणाला दावलंस का?"

"त्यांच्या नातीनं, सोनालीनंच तो कागद ऑनलाइन टाकलाय. बापूसाहेबांनी वाचलाय."

"मग काय म्हनला?"

"उद्या जेवायला बोलावलंय तुमाला. घरजावयाच्या नातवाला टॉवेल-टोपीचा मान द्यायचाय म्हणाले, सगळ्या भावकीसमोर."

मोहोळला उतरताना आप्पा नातीच्या कानाशी वाकले.

"टॉवेल सोलापुरी हाय का, तेवढं इचार."