अनोळखी नंबर

डोंबिवलीच्या बँकेत पासबुक भरायची रांग काही केल्या सरकत नव्हती. मनालीच्या पुढे दोन म्हातारे बोलत होते, आणि नको नको म्हणताना तिचे कान तिकडेच लागले.

“महेंद्रराव, तुमची लेक प्राप्ती अजून ते फुकटचं काम करते?”

“सोडलं, सखारामभाऊ. आंधळ्यांना कॉम्प्युटर वेबसाइट वाचून दाखवतो ना, ती नीट ऐकता यावी म्हणून वर्षानुवर्षं खपली. आता कॉल सेंटरला जाते.”

“असल्या कामाला पैसे कोण देणार?”

“देणार होते. हे काम करणाऱ्या बायकांना परदेशातली एक संस्था वर्षभर पगार देते. तिने अर्ज केलेला.”

“मग?”

“तिचा मोबाइल चार्जिंगला होता, वाजला, मी उचलला. बाई इंग्रजीत म्हणाली, मुलीची निवड झाली, बँकेचे डिटेल्स पाठवा. मला वाटलं, फ्रॉड. झापलं तिला आणि नंबर ब्लॉक केला.”

“अरेरे! कळलं कधी?”

“परवा पत्र आलं. खूप फोन केले, लागला नाही, म्हणून जागा दुसरीला दिली.”

“प्राप्तीला दाखवलंत?”

“खिशातच आहे. ती म्हणते, बाबा, माझंच काम कच्चं असणार.”

“आणि तुम्ही?”

“मी म्हणतो, असेल बाळा.”