दुल्सीबाईंची तूर्त व्यवस्था

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या गावच्या पंचमंडळाचे प्रमुख रसेल ब्रेलीसाहेब. व्यासपीठावर विराजमान झालेल्या मुख्याधिकारी प्रिसिला कूम्ब्सबाई. तळून साखरेत घोळवलेल्या मालासादांच्या परातीशेजारची खुर्ची ज्यांनी दूरदृष्टीनं आधीच धरून ठेवली ते फादर रेबेलो. आज चक्क एका रांगेत बसलेले, आणि म्हणून माझ्या छातीत धडकी भरवणारे, जतन समितीचे माझे सहकारी. उत्सवमूर्ती दुल्सी मेडेरोसबाई. आणि जमलेल्या साउथ कॉनेटकर बंधुभगिनींनो,

मी एल्डन हॅथवे. होड्या दुरुस्त करण्यात हयात गेली, आता गावाच्या जतन समितीचा अध्यक्ष आहे. भाषण करणं हा माझा धंदा नाही. पण रसेलसाहेबांनी आत्ताच इतकं सुंदर भाषण केलं, की त्यात दुल्सीबाई जाणार आहेत हे सांगायचंच राहून गेलं. "दुल्सी कुठंच जात नाही, ती आपल्यातच आहे," असं ते म्हणाले. टाळ्याही पडल्या. मीही वाजवल्या. नंतर मनात आलं, अरे, हे तर आपण अंत्यविधीला म्हणतो!

दुल्सीबाई टाऊन हॉलमध्ये कुत्र्यांचे परवाने देतात, हे गावातल्या प्रत्येक कुत्र्याला ठाऊक आहे. मग त्या जतन समितीच्या सर्वेसर्वा कशा झाल्या? हे नव्या पिढीला माहीत नाही, आणि जुन्या पिढीला आठवायचं नाही. म्हणून थोडं सांगतो.

आपल्या ग्रामसभेनं घरपट्टीवर चिमूटभर जादा कर बसवून घेतला, तो गावातलं जुनं ते जपावं, मोकळी जमीन राखावी, गरिबाला परवडेल असं घर व्हावं म्हणून. स्वतःच्या हातानं स्वतःवर कर बसवणारी माणसं या पृथ्वीवर फार नसतील. त्या पैशाचं काय करायचं हे ठरवायला समिती नेमली. आम्ही नऊ जण, सगळे बिनपगारी आणि सगळे हुशार. एकालाही इतिवृत्त लिहिता येत नव्हतं.

आपल्याकडचा कायदा तुम्हाला माहीतच आहे. समितीचे निम्म्याहून जास्त लोक एकत्र आले आणि कामाबद्दल बोलले, की ती सभा झाली. सभेची विषयपत्रिका दोन दिवस आधी दारावर लागली पाहिजे, इतिवृत्त लिहिलं गेलं पाहिजे. आम्ही काय केलं? एका दुपारी पाच जण बेटीच्या खानावळीत शिंपल्यांचं सूप पीत बसलो होतो. नॉर्मन म्हणाला, "जुन्या बोटघराचं छप्पर गळतंय रे." मी म्हणालो, "हो, गळतंय खरं." एवढंच! पलीकडच्या टेबलावर गावातले एक जागरूक नागरिक बसले होते. त्यांनी तक्रार केली आणि राज्याच्या कचेरीतून आम्हाला ताकीद आली. सूप पिताना बेकायदा सभा भरवल्याबद्दल ताकीद मिळालेली आमची समिती एकमेव असावी. हसू नका, तक्रार करणारे आज इथंच आहेत. दुसरी मालासादा खाताहेत.

मग आम्ही पंचांकडे गेलो. म्हटलं, आम्हाला नगरपालिकेतला एखादा माणूस द्या, पगार समितीच्या खात्यातून घ्या, कायदा तशी मुभा देतो. रसेल तेव्हाही प्रमुख होता. तो म्हणाला, "माणूस देऊ रे, पण कुठला?" रस्ते खात्यानं सांगितलं, आमच्याकडे बर्फ उपसणारे आहेत, लिहिणारे नाहीत. वाचनालयानं सांगितलं, आमच्याकडे शांतता लागते आणि तुमच्या समितीत एल्डन आहे. शेवटी कुणीतरी असा शोध लावला, की कुत्र्यांचे परवाने वसंतात संपतात, म्हणजे वर्षातला बाकीचा काळ दुल्सी रिकामीच असते. झालं! दुल्सीबाईंना अतिरिक्त कार्यभार. आणि ठरावात रसेलनं आपल्या हातानं एक शब्द घातला: "तूर्त".

मंडळी, "तूर्त" या शब्दावर माझं फार प्रेम आहे. टाऊन हॉलच्या मागच्या दाराला तूर्त म्हणून लावलेली फळी माझ्या नातवाच्या लग्नातही तिथंच होती. या गावात कायमचं म्हणून केलेलं पहिल्या वादळात वाहून जातं. तूर्त केलेलं मात्र टिकतं. रसेलनं दुल्सीबाईंना तूर्त नेमलं, आणि त्या टिकल्या.

आणि काय टिकल्या! समितीवर नवीन माणूस आला, की त्याला आधी काउंटरवर उभं करायच्या. "हे बघा, पाच जण एका टेबलावर बसायचं नाही. बसलात तर हवापाण्याचं बोला. हवापाण्यावरून छपरावर आलात तर मी तुम्हाला ओळखत नाही." आमचा नॉर्मन वारला, तेव्हा चर्चच्या दारात दुल्सीबाई उभ्या. डोळ्यांत पाणी, पण तोंड चालूच. "एल्डन, तुम्ही डावीकडे. हॅरिएट, तू उजवीकडे, मागे बस. आणि नॉर्मनबद्दलच बोला, बोटघराबद्दल नको." मी म्हटलं, "अहो, नॉर्मन बोटघरापायीच झिजला, दुसरं बोलू काय?" म्हणाल्या, "मग मनात बोला. मनातल्याचं इतिवृत्त लागत नाही." नॉर्मनला आम्ही असा पांगून पांगून निरोप दिला. तोही वरून हसला असेल.

बोटघर वाचलं. ओढ्यावर माशांची पायवाट झाली, आता दर वसंतात हेरिंग चढून जातात आणि शाळेची पोरं पुलावरून आरडाओरडा करतात. उद्घाटनाला फीत कुणी कापली? रसेलसाहेबांनी. माझाही फोटो छापून आला. दुल्सीबाई फोटोत नाहीत, कारण त्या फोटो काढणाऱ्याला "जरा मागे व्हा, पाण्यात पडाल" असं सांगत होत्या.

मधल्या काळात, समितीला कर्मचाऱ्याची खरंच गरज आहे का, हे तपासायला पंचांनी उपसमिती नेमली. आपल्या गावात कुठल्याही प्रश्नाला उपसमिती नेमली, की प्रश्न सुटल्यासारखं वाटतं. आता सांगा, त्या उपसमितीचं इतिवृत्त कुणी लिहावं? अगदी बरोबर! आणि उपसमितीनं एकमतानं निर्णय दिला: काम उत्तम चाललेलं आहे, सबब कर्मचाऱ्याची गरज नाही. हे वाक्य दुल्सीबाईंनी स्वतः लिहून घेतलं, विरामचिन्हांसकट. मी विचारलं, "अहो, हात कसा थरथरला नाही?" म्हणाल्या, "एल्डन, मी लिहिणारी. शहाणपण शिकवायला मला कुणी नेमलेलं नाही. तसं मला कशालाच नेमलेलं नाही म्हणा."

आता जरा बसल्या जागी सावरून बसा, कारण इथून पुढचं मला हसत सांगता येणार नाही.

दुल्सीबाईंची थोरली बहीण नातालिया समुद्रापलीकडे, पोर्तुगीजांच्या फायाल बेटावर असते. आईवडिलांचं घर तिनं सांभाळलं. डोळ्यांनी आता तिला फार थोडं दिसतं आणि आहे तेही चाललंय. दुल्सीबाईंनी निवृत्ती मागितली, ती तिच्यासाठी. पंच म्हणाले, बोटघराचं काम होईपर्यंत थांबा. पुन्हा मागितली. म्हणाले, माशांचं होऊ दे. पुन्हा मागितली, तेव्हा म्हणाले, बदली माणूस मिळेपर्यंत, तूर्त. बदली माणूस शोधायचा म्हणजे जागा हवी. जागा निर्माण करायची म्हणजे ठराव हवा. आणि ठराव कशाला, काम तर उत्तम चाललेलं आहे! भिजत घोंगडं म्हणतात ते हेच.

एकदा मी काउंटरवर होतो, तेव्हा फायालहून फोन आला. पोर्तुगीजमध्ये बोलल्या, हसल्या, फोन ठेवला. मी विचारलं, काय म्हणते बहीण? म्हणाल्या, "म्हणते, सावकाश ये. आवाजावरून ओळखीनच मी तुला, तोंड दिसलं नाही तर नाही." आणि लगेच माझ्या मागच्या माणसाला म्हणाल्या, "हं, कुत्र्याला लस टोचलीत का?" मी बाहेर येऊन गाडीत बसलो. मला राग आला होता, मंडळी. या "तूर्त" शब्दाचा राग. चार अक्षरांचासुद्धा नाही मेला, आणि एका बाईचं सगळं उरलेलं आयुष्य खाऊन बसला.

शनिवारचं त्यांचं विमान आहे. तिकीट काढलेलं आहे. आणि आज दारातच रसेलसाहेब मला कानात सांगतात, "काळजी करू नकोस, दुल्सीशी बोललोय. तिकडून कॉम्प्युटरवर करेल ती, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी. तूर्त." म्हणजे शाल द्यायची, फुलं द्यायची आणि दोरी तेवढी हातात ठेवायची. आंधळी होत चाललेली बहीण शेजारी बसलेली, आणि ही पडद्यावर आमची भांडणं लिहून घेतेय!

तर आता माझ्या सहकाऱ्यांकडे वळतो, जे एका रांगेत बसलेत. समितीचे सात, पंचांमधले चार. दोन्हीकडची गणपूर्ती झालेली आहे. समारंभाला एकत्र यायला कायद्याची ना नाही, फक्त कामाचं बोलायचं नाही. पण मी आज कामाचं बोलणार आहे. म्हणून रीतसर विषयपत्रिका लावली आहे, पंचांची आणि समितीची संयुक्त सभा अशी. परवा सकाळपासून ती त्या दारावर आहे. तुम्ही सगळे तेच दार ढकलून आत आलात. कूम्ब्सबाईंनी वाचली आहे, बघा, त्या खाली बघून हसताहेत. विषय एक, मालासादा. विषय दोन, भाषणं. विषय तीन, जतन समितीला कायमचा कर्मचारी देणे, चर्चा व निर्णय. चिकटवली कुणी? दुल्सीबाईंनीच. मी म्हटलं, "स्वतःच्या निरोपाची नोटीस स्वतः लावता?" म्हणाल्या, "तुम्ही लावली असती तर उलटी लावली असती."

मी ठराव मांडतो. कायमची जागा, पगार समितीच्या खात्यातून, आणि दुल्सीबाईंचा अतिरिक्त कार्यभार आजपासून संपला. हॅरिएटचं अनुमोदन आहे. धन्यवाद, हॅरिएट, तोंडातला घास संपव आधी.

काय म्हणता, अध्यक्ष? जरा मोठ्यानं. "एल्डन, हा निरोप समारंभ आहे, इथं बाजार मांडू नकोस. तूर्त बाजूला ठेवू या विषय." ऐकलंत ना सगळ्यांनी? ठेवू की, रसेल. पण बाजूला ठेवायचा तरी मत घ्यावं लागेल, आणि त्याची नोंद हवी. बोल, नोंद कोण करणार?

बघा, बघा. हॉलमधल्या एकूण एक माना कुणाकडे वळल्या? फादर, तुम्हीसुद्धा!

आणि दुल्सीबाई, तुम्ही पर्स काय उघडताय? अहो, पेन कशाला काढताय? बसा ना, आज तुमचा... बरं, उठल्याच आहात. थांबा, मंडळी, त्या व्यासपीठावर येताहेत. मी बाजूला होतो.

मागच्यांना ऐकू आलं नसेल, म्हणून सांगतो. दुल्सीबाईंनी पेन रसेलसाहेबांच्या ताटलीशेजारी, साखरेत ठेवलं, आणि म्हणाल्या, "तूर्त तुम्हीच लिहा."

टाळ्या पुरेत आता, पुरेत! रसेल, पेन उलटं धरलंयस. पुसून घे, साखर लागलीये. लिही: ठराव मांडला, अनुमोदन मिळालं. आता मत. समितीचे जे बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत. सातही. पंचांमधले? एक, दोन, तीन. रसेल, तुझ्या एका हातात पेन आहे, दुसरा मोकळा आहे. मी थांबतो, मला घाई नाही. शनिवारी विमान आहे ते माझं नव्हे.

आला हात. जरा अर्धाच आला, पण कायद्यात अर्ध्या हाताबद्दल काही म्हटलेलं नाही. एकमतानं मंजूर. लिहिलंस? दाखव. अरे, "मंजूर"च्या पुढे काय लिहितोयस? खोड ते!

मालासादा तळून आणणाऱ्या चर्चच्या भगिनींचे आभार. खुर्च्या मांडणाऱ्यांचे आभार. अध्यक्ष महाशयांनी आयुष्यात पहिल्यांदा इतिवृत्त लिहिलं, त्यांचे तर विशेष आभार. पाहुण्यांच्या पंगतीत मी कामाची पत्रावळ वाढली, तेवढं पोटात घाला. बोलण्यात कुणाला लागलं असेल तर तक्रार लेखी द्या, आता ती घ्यायला रीतसर माणूस येतोय.

दुल्सीबाई, शनिवारी दार उघडून आत जाल तेव्हा नातालियाबाई विचारतील, किती दिवस आलीस गं? तुम्हाला आमची सवय लागलेली आहे, तोंडावर तोच शब्द येईल. तो गिळा, आणि सांगा, कायमची आले.