युसेबियाची हॅट

एल आल्तो शहरातल्या मिनीबसमध्ये मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्यांची जुंपली होती. पुढे बसलेल्या निल्दाला आधी हसूच येत होतं.

"पोरी म्हणे घागऱ्यावर हुयाना पोतोसीचा डोंगर चढतात! पेपरात फोटो! अगं, त्या जन्मायच्या आधी आमची युसेबिया चढली."

"स्वयंपाकीण युसेबिया? काहीतरीच तुझं!"

"चढाईवाल्यांच्या तळावर दोघी बटाटे सोलत होतो. वाटाड्याने दोर बांधला न् गेली तशीच, घागऱ्यावर."

निल्दाचं हसू मावळलं.

"वर जाऊन काय केलं?"

"डोंगरआजोबाला रिकाम्या हाताने कसं भेटायचं? डोक्यावरची हॅट काढली न् बर्फात पुरून आली."

"नवऱ्याला काय सांगितलं?"

"वाऱ्याने उडाली म्हणाली. खरं सांगितलं असतं, तर डोंगरावरचं कामच बंद केलं असतं त्याने."

"पटलं त्याला?"

"कसलं पटतंय! कुणाकडे विसरलीस म्हणून बडव बडव बडवली. पण मरेपर्यंत बिचारीने तोंड उघडलं नाही."

निल्दा वळली. तिने बाकाची पाठ घट्ट धरली होती.

"काय गं पोरी, गरगरतंय का?"

"मावशी, माझ्या घरी चला. बाबा अजून म्हणतात, तुझी आई ती हॅट कुणाच्या घरी विसरली, देव जाणे."