एकेचाळीस वेळा हो

(तुरुंगातली वकीलभेटीची खोली. टेबलाच्या एका बाजूला शिक्षा भोगत असलेली थोरली बहीण, समोर धाकटी आणि वकीलबाई.)

वकील : एकेचाळीस.

थोरली : हो.

वकील : काय एकेचाळीस, ते तरी विचारा.

धाकटी : ती कशाला विचारेल! तिला छत्तीस सांगितलं असतं तरी हो म्हणाली असती.

वकील : तेच सांगतेय. तुमच्या साक्षीचं रेकॉर्डिंग मी चार वेळा ऐकलं. तासाभराची उलटतपासणी. त्यात तुम्ही एकेचाळीस वेळा 'हो' म्हणालात. सरकारी वकील श्वास घ्यायला थांबले की तुमचा 'हो'.

धाकटी : मी पहिल्या दिवशीच म्हणाले होते की नाही? आमच्या ताईचा 'हो' म्हणजे होकार नसतो, हुंकार असतो. मुलगा पसंत आहे का म्हणून वडिलांनी विचारलं, ही म्हणाली हो. सगळं ठरल्यावर रात्री मला सांगते, अगं, मी नुसती ऐकत होते.

थोरली : काहीतरीच. चांगले होते तुझे भावजी.

धाकटी : होते ना. नशीब तुझं.

वकील : आता जरा लक्ष द्या दोघी. निकालपत्र, पान अठरा. 'सर त्या मुलीला शेवटची वेळ का देत होते हे आपल्याला माहीत होते, असे आरोपीने स्वतः कबूल केले आहे.' व्हायोलिनच्या सरांनी लहान मुलीवर केलेल्या अत्याचाराला मदत केल्याची तुमची अख्खी शिक्षा या एका वाक्यावर उभी आहे. सात वर्षं.

थोरली : हो.

वकील : आणि रेकॉर्डिंगमध्ये काय आहे? सरकारी वकील म्हणतात, 'सर त्या मुलीला शेवटची वेळ का देत होते,' इथे तुमचा 'हो' येतो. मग ते पुढे म्हणतात, 'ते तुम्हाला माहीत होतं?' त्यानंतर तुम्ही गप्प. म्हणजे प्रश्न संपायच्या आधीच उत्तर. टाइप करणाऱ्याने तुमचे बाकीचे चाळीस गाळले आणि हा एक उचलून प्रश्नाच्या शेवटी नेऊन ठेवला.

धाकटी : बघा! चोर सोडून संन्याशाला फाशी.

वकील : चोर सुटलेला नाही. सरांना वीस वर्षांची शिक्षा झाली आहे. त्याचं अपील गेल्या महिन्यात फेटाळलं.

धाकटी : मग चोराबरोबर संन्याशाला म्हणा. अर्थ तोच.

वकील : हा 'हो' एकदा बाजूला काढला की त्यांच्याकडे उरतं फक्त वेळापत्रक. व्हायोलिनच्या क्लासचं वेळापत्रक तुम्ही लिहायचात. त्या मुलीला साडेसहाची, शेवटची वेळ तुम्ही दिलीत. सातऐवजी सव्वासातला न्यायला या, असं तिच्या आईला तुम्ही फोन करून सांगितलंत. पण हे सगळं सरांनी, क्लासच्या मालकाने सांगितलं म्हणून. बाहेरच्या खोलीत टेबलावर बसणाऱ्या बाईने सांगितलेलं लिहिलं, एवढंच. ती मुलगीसुद्धा साक्षीत तुमच्याविरुद्ध एक शब्द बोललेली नाही.

थोरली : मावशी चांगल्या आहेत म्हणाली.

वकील : तेच. सोमवारी सुनावणी आहे. खरं सांगू? इतका सरळ मुद्दा मला बऱ्याच वर्षांत मिळाला नव्हता.

धाकटी : थांबा, अजून आहे. मी काय आणलंय बघा. फोन कंपनीत चार खेपा घातल्या तेव्हा ही यादी मिळाली. मंगळवार, शुक्रवार, मंगळवार, शुक्रवार. सहा एक्कावन्न, सहा त्रेपन्न, सहा एकोणपन्नास. कधी बावीस मिनिटं, कधी सव्वीस. सगळे फोन ताईने मला केलेले. आत ते जे काही चालायचं, तेव्हा ही माझ्याशी गप्पा मारत होती. तिला कुठून कळणार?

वकील : हे आधी का नाही दिलंत?

धाकटी : आधीच्या वकिलाला निकालाची घाई माझ्यापेक्षा जास्त होती. त्याने मला एक प्रश्न विचारला नाही.

वकील : नवा पुरावा म्हणून वेगळा अर्ज करावा लागेल. पण हे कामाचं आहे. फार कामाचं आहे.

थोरली : ती यादी देऊ नका.

धाकटी : म्हणजे?

थोरली : नका देऊ. त्याच वेळेला फोन का करायची, असं कोणी विचारलं तर?

धाकटी : का म्हणजे? काम संपायचं तुझं, रिकामी बसायचीस.

थोरली : काम कुठे संपायचं? सव्वासातनंतर कुलूप लावायचे मी. मध्ये फियांच्या पावत्या, दुसऱ्या दिवसाच्या वेळा, सगळं असायचं. साडेसहाला आत वाजवणं सुरू व्हायचं. पोरगी छान वाजवायची, एक सूर चुकला की तिथूनच परत सुरू करायची. वीसेक मिनिटांनी वाजवणं थांबायचं. ते थांबलं की मी...

वकील : एक मिनिट. थांबा.

थोरली : हो.

वकील : मला हे सांगू नका.

थोरली : का?

वकील : कारण वकिलाला एखादी गोष्ट कळली की त्याचे हात बांधले जातात. सोमवारी मला उभं राहून म्हणायचंय की माझ्या अशिलाला माहीत नव्हतं. ते मला म्हणता आलं पाहिजे. काही गोष्टी न सांगितलेल्याच बऱ्या असतात. यात तुमचंच भलं आहे.

थोरली : मीसुद्धा तिला असंच काहीतरी म्हणाले.

वकील : कोणाला?

थोरली : आता तुम्हीच विचारलंत.

धाकटी : ताई, गप्प बस बरं. मॅडम सांगतायत ना.

वकील : राहू द्या. पेन खाली ठेवलंय मी. बोला.

धाकटी : अहो, सोमवारचं काय?

वकील : सोमवारचं सोमवारी. यांनी तोंड उघडलंय, आता मी कान झाकून घेतले तर... नको. बोला तुम्ही.

थोरली : आतलं वाजवणं थांबलं की ती शांतता मला सोसायची नाही. म्हणून मी हिला फोन लावायचे. हिला एकदा सुरू केलं की बघायला नको, मला नुसतं हो हो करायचं असतं. सव्वासातला आईची गाडी यायची, मग मी फोन ठेवायचे.

धाकटी : मला वाटायचं, तुला माझी आठवण येते.

थोरली : तीही यायची.

वकील : तुम्ही काही पाहिलं होतं?

थोरली : नाही. दार लावलेलं असायचं. काही पाहिलं नाही, काही ऐकलं नाही. त्या कोर्टात मी एकही शब्द खोटा बोललेले नाही. पण पाहायला जावं लागू नये म्हणून मी काय काय केलं, ते मला कोणी विचारलंच नाही. एका शुक्रवारी ती लवकर बाहेर आली. व्हायोलिनची पेटी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. माझ्या टेबलाशी उभी राहिली आणि म्हणाली, 'मावशी, एक सांगू?'

वकील : मग?

थोरली : मी फोनवर होते. फोनवर हात ठेवला आणि म्हटलं, 'थांब हं बाळा, बोलतेय ना मी.' ती थांबली. चांगली पाच मिनिटं उभी होती. मी एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही. मग गाडीचा हॉर्न वाजला.

धाकटी : फोनवर मीच होते?

थोरली : हो.

धाकटी : काय बोलत होते मी?

थोरली : जाऊ दे ते.

धाकटी : सांग मला. काय बोलत होते?

थोरली : पडद्यांचं चाललं होतं तुझं. पुढच्या खोलीला हिरवे घ्यावे की फिके.

धाकटी : अगं बाई गं.

थोरली : तुझा काय दोष त्यात? तू पडद्यांचंच बोलणार. तुझ्यापुढे ती उभी नव्हती.

वकील : हे कधी झालं?

थोरली : थंडीच्या सुरुवातीला. तिच्या शाळेतल्या बाईंना तिने सांगितलं ते उन्हाळ्यात. म्हणजे मध्ये चार महिने गेले. ते चार महिने माझे आहेत. बाकीचं त्याचं असेल, पण ते माझे. परत कधी ती काही सांगायला आली नाही. मीच तिला गोळ्या द्यायचे, पेपरमिंटच्या. त्याच तिच्या लक्षात राहिल्या आणि कोर्टात म्हणाली, मावशी चांगल्या आहेत. नऊ वर्षांची पोर. वकीलबाई, त्या दिवशी मला शिक्षा सुनावली तेव्हा रडू आलं नाही, पण ती तसं म्हणाली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वकील : मग तो 'हो'? प्रश्नाच्या मध्ये आलेला? तो नक्की कसला होता?

थोरली : देवाशपथ, मला आठवत नाही. तुम्ही म्हणता तसा असेल, सवयीचा. पण उत्तर तेच आहे. त्या टाइप करणाऱ्याने चुकून बरोबर जागी ठेवलं.

वकील : कायद्याने ती चूकच आहे.

थोरली : असेल. पण त्या चुकीला धरून मला बाहेर काढू नका.

वकील : तुम्हाला कळतंय ना, मी काय खोडते आहे? हा पहिला मुद्दा गेला की मग उरतं तुमचं वय आणि आधी कधी गुन्हा नाही, एवढंच. शिक्षेत वर्ष-दीड वर्ष कमी झालं तर झालं. तेही नक्की नाही.

थोरली : तेवढं मागा. मला काही इथे राहायची हौस नाही. गुडघे रात्रभर ठणकतात आणि शेजारची घोरते. दोन दिवस कमी झाले तरी हवेतच मला.

धाकटी : आणि माझं काय? सोळा महिने मी जगाशी भांडतेय तुझ्यासाठी. सून म्हणाली, नातीला आता मावशीआजीचं नावसुद्धा ऐकू यायला नको. तर मी तिला म्हटलं, माझ्या बहिणीला नावं ठेवणाऱ्यांना या घरात जागा नाही. ती मुलाला आणि पोरीला घेऊन वेगळी राहायला गेली. माझी नात मी आठ महिने पाहिलेली नाही. कोणासाठी? सांग ना, कोणासाठी?

थोरली : माझ्यासाठी.

धाकटी : मग तेव्हाच का नाही सांगितलंस मला? दर भेटीला समोर बसून हो हो करत होतीस.

थोरली : तू इतकी खात्रीने बोलायचीस की मलाही खरं वाटायला लागलं होतं. वाटायचं, हीच बरोबर असेल. बरं वाटायचं गं ऐकायला. आज यांनी म्हटलं ना, सांगू नका, तेव्हा माझं ते 'थांब हं बाळा' आठवलं.

वकील : मी तुम्हा दोघींना थोडा वेळ बोलू देते. बाहेर पाच मिनिटं थांबते.

थोरली : बसा हो. तुमच्यापासून आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

धाकटी : मला रागसुद्धा धड येत नाहीये तुझा. दोन थोबाडीत माराव्यात असं वाटतं, आणि गुडघ्यांना तेल आणायला हवं होतं असंही वाटतं.

थोरली : तेल आत देत नाहीत.

धाकटी : माहितीये मला.

थोरली : सुनेला फोन कर. आजच कर. आणि ती जे बोलेल ते मध्ये न तोडता सगळं ऐक.

धाकटी : ती विचारेल, सुटायची वेळ आली होती तर तुमच्या बहिणीने असं का केलं? काय सांगू मी तिला?

थोरली : फार लांबण लावू नकोस. म्हणावं, ताईने ऐकलं नाही.