शांतवनरावांची वचनपेटी

जय ख्रिस्त, मंडळी! मागं बसलेले पुढं सरका, पुढं बसलेले जागे राहा! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. देवावर भाव ठेवायचा म्हणजे माणसानं करायचं काय? डोळे मिटून बसायचं, की चपला घालून उठायचं? लगेच उत्तर देऊ नका. तबलजी, तुम्ही तर मुळीच नको — आधी ऐका!

तर एका गावात शांतवनराव उजागरे नावाचे गृहस्थ. चर्चच्या मंडळीचे वडील, म्हणजे पंचच म्हणा! देवळात बसणार पहिल्या बाकावर. प्रार्थना एवढी लांब, की पोरं झोपून उठायची तरी 'आमेन' नाही! साक्ष द्यायला उभे राहिले की ठरलेलं वाक्य — "मी माझा सगळा भार प्रभूवर टाकलाय!" आणि खरंच टाकला होता हो! सरपण बायको आणायची, पाणी बायको भरायची, म्हैस बायको धुवायची. उरलेला भार प्रभूवर!

या शांतवनरावांकडं एक वचनपेटी होती. तुमच्यापैकी कितीकांच्या घरी असेल. लहानशी डबी, आत शास्त्रातल्या वचनांच्या चिठ्ठ्या. सकाळी प्रार्थना करायची, डोळे मिटून एक उचलायची, निघेल ते आजचं वचन. छान रीत आहे! पण शांतवनरावांची तऱ्हा वेगळी. आशीर्वादाची चिठ्ठी निघाली की गावभर दाखवून यायचे. आणि भावाला क्षमा कर, जिभेला आवर घाल, असलं काही निघालं की? "छे! हात चुकला!" ती चिठ्ठी केरात, डबी खळाखळा हलवली, दुसरी काढली! असं करता करता पेटीत नुसते आशीर्वाद उरले. आता देवाला काही बोलायचंच असेल, तर त्यानं बोलावं कुठून?

भावाच्या चिठ्ठीवर राग जास्त, त्याला कारण होतं. धाकटा भाऊ नथनेल शेजारीच राहायचा, मधे एक भिंत. यांच्या पत्र्याचं पाणी त्याच्या अंगणात पडायचं. तेवढ्यावरून वाजलं, आणि कित्येक वर्षं बोलणं बंद! देऊळ एक, प्रभुभोजन एक — हा डाव्या बाकावर, तो उजव्या. गाताना मात्र आवाज असे मिळायचे, की पाहुण्याला वाटावं, काय प्रेम आहे भावाभावांत!

नाताळ तोंडावर आलेला. सगळं गाव तालुक्याच्या बाजाराला गेलेलं. भर दुपारी शांतवनरावांची बायको, सालोमीबाई, मागच्या ढिगातून सरपण काढत होती. एकदम ओरडली, "अहो, धावा! फुरसं चावलं!"

फुरसं, मंडळी! वीतभर साप, पण जीव घेणारा. शांतवनराव धावले, तिला ओट्यावर बसवलं, दवाखान्यात फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "गाडी लांबच्या गावाला गेलीय. तुम्हीच घेऊन या, लवकर!" घेऊन या, पण कशातून? त्या घडीला गावात एकच वाहन उभं होतं. नथनेलचा टेम्पो!

शांतवनराव दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. जावं? आणि त्यानं तोंडावर दार आपटलं तर? "आज बरा भाऊ आठवला!" म्हणाला तर? मंडळीचे वडील ते, त्यांची शोभा होईल ना! मग काय केलं असेल त्यांनी? सांगा, सांगा... हां, बरोबर! पेटी काढली!

"सालोमी, धीर धर. प्रभूला विचारतो." चिठ्ठी निघाली — भिऊ नये, देव सोबत आहे, अशा अर्थाची. "बघ! प्रभू सोबत आहे!"

"ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "टेम्पो कुठाय?"

"अगं, विश्वास ठेव!"

"मी ठेवलाय. तुम्ही उठा!"

उठतात कसले! दुसरी काढली, तिच्यात विसावा. तिसरी काढली, तिच्यात मेजवानी! बायकोचा पाय सुजून टम्म, आणि यांच्या हातात मेजवानी!

"अहो, फडताळातला हळदीचा डबा आणा," सालोमीबाई कण्हत म्हणाली.

"हळद लावतेस?"

"आणा म्हणते ना!"

डबा उघडला. आत त्यांनीच टाकलेल्या चिठ्ठ्या, हळदीनं पिवळ्या झालेल्या! "झाडताना उचलून ठेवल्या. देवाचं वचन केरात कसं घालू? आता ह्यातली काढा."

काढली. वाचली. आणि सवयीनं तोंडातून गेलं, "हात चु—"

"परत टाकाल तर खबरदार!"

अहो, परत टाकून उपयोग काय होता? त्या डब्यातली कुठलीही काढा. जा, कर, दे, माफ कर, माफी माग! बसून राहा असं एकीतही नव्हतं. शांतवनरावांनी बायकोकडं पाहिलं. ओठ कोरडे पडलेले, डोळे मिटायला लागलेले. ही गेली तर? माणसाला रडूच फुटलं. अनवाणी धावले आणि भावाच्या दारावर दोन्ही हात आपटले.

"नथू! चुकलं माझं! तुझ्या वहिनीला फुरसं चावलंय रे. मला मारायचं तर मागाहून मार, आधी टेम्पो काढ!"

दार तत्काळ उघडलं. नथनेल दारामागंच उभा! एका हातात टेम्पोची किल्ली. आणि दुसऱ्या हातात? वचनपेटी!

"दादा, वहिनीची हाक ऐकली तेव्हाच किल्ली घेतली," तो रडत म्हणाला. "पण तू हाकलून दिलंस तर? म्हणून प्रभूला विचारत होतो."

"काय निघालं?"

"स्वस्थ राहा म्हणून."

घ्या! भिंतीच्या अलीकडं एक भक्त, पलीकडं एक भक्त. दोघंही विचारतायत, प्रभो, मदत कधी पाठवशील? आणि प्रभूनं पाठवलेली मदत किल्ली घेऊन दारामागं उभी! मधल्या मधे बाई मरत होती, मंडळी. ह्याला आपण विश्वास म्हणतो!

टेम्पो सुटला, सालोमीबाई वाचली. घरी आल्यावर तिनं दोन्ही पेट्या त्या हळदीच्या डब्यात रिकाम्या केल्या, डबा हलवला आणि दोघा भावांपुढं ठेवला. "काढा आता. निघेल ते करायचं!"

तर मंडळी, आपल्या पेटीत काय उरलंय ते घरी गेल्यावर बघा. नाही, घरी कशाला? आत्ताच! मी तुम्हाला 'आमेन' म्हणा असंही म्हणत नाही. आमेन बसल्या जागी म्हणता येतं. उभे राहा! ज्याच्याशी बोलणं टाकलंय, त्याच्यापाशी जाऊन या. मी थांबतो, मला घाई नाही. तबलजी, तुम्हीपण उठा. तुमचा मेहुणा खांबाजवळ बसलाय, आणि मघापासून तो तुमच्याकडंच बघतोय.